पाचर ते टॉर्क रेंच : सातारा-सांगली भागातील आवळणीच्या इतिहासाची काही अंगे

मोटारसायकलच्या मागील चाकाच्या तुंब्यावर एक दातेरी चक्र बसविलेले असते. कारखान्यात त्यास स्प्रॉकेट म्हणतात. गॅरेजच्या बोलीत साखळीसह त्याचे 'चेन-स्पॉकेट' असे जोडनाव झाले आहे. हे चक्र चार, पाच किंवा सहा नटांनी तुंब्यास धरून ठेवलेले असते. ते नट किती आवळावेत हा प्रश्न वरवर पाहता मिस्त्रीचा आहे, इतिहासाच्या अभ्यासकाचा नव्हे. परंतु या प्रश्नाचे उत्तर निरनिराळ्या काळी निरनिराळ्या माणसांकडे होते. कधी ते हाताला ठाऊक होते, कधी कानाला, आणि पुढे केव्हातरी ते आकड्यात लिहिले गेले. हा पालट कसा घडला आणि त्याबरोबर जोडणीची जबाबदारी कोणाकडून कोणाकडे गेली, याचा सातारा व सांगली या भागापुरता विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा भाग निवडण्यास कारण आहे. आजचे सातारा व सांगली हे जिल्हे मुळात एकाच ब्रिटिश जिल्ह्याचे आणि त्याच्या अंगाखांद्यावर पसरलेल्या औंध, सांगली, मिरज, जत इत्यादी संस्थानांचे मिळून बनले आहेत. संस्थानांच्या विलीनीकरणानंतर १९४९ साली दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा करण्यात आला व १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. लोखंडी नांगर, तेलाचे इंजिन व स्कूटर या तीन वस्तूंची कारखानदारी या एवढ्याशा टापूत एका शतकाच्या आत उभी राहिली. या कारखानदारीवर पुष्कळ लिहिले गेले आहे. ते बहुतेक कारखानदारांच्या चरित्रांच्या अंगाने. नटबोल्ट त्यात कोठेच नाही.

लोखंडी नांगरापूर्वी या भागातील शेतीच्या अवजारांत आटे नव्हतेच. लाकडी नांगराचा हाळीस नांगराच्या खोडात पाचरीने बसे, फाळ लोखंडी वसूने जखडला जाई, गाडीचे चाक आसाच्या टोकाशी खिळीने अडविले जाई. पाचरीची जोडणी सजीव म्हणावी अशी असते. उन्हाळ्यात लाकूड आकसले की ती ढिली पडते, पावसात फुगले की आपोआप घट्ट होते. त्यामुळे तिची आवळणी हे एकदाच उरकण्याचे काम नसून ऋतुमानाप्रमाणे पुनःपुन्हा करण्याचे काम होते. ती पुरेशी झाली की नाही हे ठोक्याच्या आवाजावरून कळे. ढिल्या पाचरीवर ठोका बद्द वाजतो, बसलेल्या पाचरीवर टणत्कार उठतो. हे ज्ञान शेतकऱ्याजवळ थोडे आणि गावच्या सुतार-लोहाराजवळ अधिक असे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात वर्णिलेल्या बलुतेदारीच्या व्यवस्थेत या कामाचे मोल कामागणिक दिले जात नसे, ते खळ्यावर धान्यरूपाने मिळे. याचा एक परिणाम असा की, पाचर कोणी बसविली हे साऱ्या गावाला ठाऊक असे आणि ती निसटली तर बोलणेही त्यालाच खावे लागे. ही व्यवस्था न्याय्य होती असे येथे सुचवावयाचे नाही. तीत लोहाराची काय अवस्था होती हे सर्वश्रुत आहे. फक्त आवळणारा हात व उत्तरदायी माणूस हे तीत एकच होते, एवढे नमूद करावयाचे आहे.

या व्यवस्थेला पहिला मोठा धक्का बसला तो किर्लोस्करवाडीहून. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर (१८६९–१९५६) हे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकावयास गेले. परंतु रंगांधत्वामुळे त्यांना रंग सोडून यंत्रचित्रणाकडे वळावे लागले. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक झाले. १८८८ साली बेळगावात त्यांनी आपल्या वडील बंधूंसह सायकलींचे दुकान काढले होते. साखळीने चालणारी सायकल विलायतेत प्रचारात आली ती १८८५ नंतर. म्हणजे साखळी व दातेरी चक्र यांचा परिचय या घराण्यास नांगराच्या आधी झाला असावा असे मानावयास जागा आहे. कडबा कापण्याचे यंत्र आणि त्यामागून लोखंडी नांगर अशी त्यांच्या उत्पादनाची सुरुवात झाली. बेळगावची जागा सोडावी लागल्यावर औंधचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील कुंडल रोड स्थानकाजवळची निवडुंगाने भरलेली माळजमीन त्यांना दिली व १९१० साली तेथे कारखाना सुरू झाला.

लोखंडी नांगर विकला जाईना, कारण लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, ही हकीकत वारंवार सांगितली जाते. ती खरी असेलही; पण तिच्यामुळे एका अधिक साध्या अडचणीकडे दुर्लक्ष झाले आहे असे आम्हांस वाटते. या नांगराचे भाग बोल्टांनी जोडलेले होते. झिजलेला फाळ काढून नवा बसवावयाचा तर गावच्या लोहाराच्या भट्टीची गरज नव्हती, कारखान्यातून आलेला सुटा भाग आणि पाना एवढे पुरे होते. जे काम बलुतेदाराचे होते ते आता शेतकऱ्याच्या स्वतःच्या हाती आले. पण त्या कामाचे ज्ञान त्याच्याबरोबर आले नाही. पाचर ठोकणाऱ्या हाताला 'आणखी थोडे' हा एकच नियम ठाऊक असतो. लाकूड सहन करते, फार तर चिरते. नटाला तोच नियम लावला तर आटे जातात किंवा बोल्टाची मान तुटते. उलट, ढेकळांत आपटत चाललेल्या नांगराचा नट हाताने फिरवून सोडून दिला तर तो बांध ओलांडण्याच्या आतच गळून पडतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने दोन्हीचा अर्थ एकच : नांगर बंद आणि बैल उभे.

यंत्रचित्रणाचा शिक्षक असलेल्या माणसाने उभारलेल्या कारखान्याबाबत एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. यंत्रचित्रात बोल्टाचा व्यास दाखविता येतो, लांबी दाखविता येते, आट्यांचे माप लिहिता येते. आवळणी मात्र चित्रात दिसत नाही. ढिला नट आणि घट्ट नट कागदावर अगदी सारखेच काढले जातात. सुट्या भागांची अदलाबदल करता येणे हे नव्या कारखानदारीचे मर्म होय, आणि ते सारे चित्रावर अवलंबून होते. पण त्या भागांना एकत्र धरणारी शेवटची क्रिया चित्राच्या बाहेर राहिली. ती फिटरच्या मनगटात राहिली. १९२० साली सुरू झालेल्या 'किर्लोस्कर खबर' या मासिकाने मराठी वाचकाला यंत्रांची गोडी लावली यात शंका नाही. तरी मनगटातील ही गोष्ट छापून सांगणे सोपे नव्हते.

ही उणीव भासू लागली ती इंजिनामुळे. धनजीशा बोमनजी कूपर हे साताऱ्याचे पारशी गृहस्थ, पुढे १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान झालेले. त्यांनी सातारा रोड येथे नांगरापासूनच आरंभ केला. परंतु १९३३ च्या सुमारास त्यांच्या कारखान्यात डिझेल इंजिन तयार झाले व हिंदुस्थानातील या उद्योगाचा प्रारंभ तेथून मोजला जातो. १९४० साली वालचंद हिराचंद यांच्या समूहाने हा कारखाना आपल्याकडे घेतला. किर्लोस्करवाडीस १९२६ पासून पाणी उपसण्याचे पंप होऊ लागले होते. कृष्णाकाठच्या मळ्यांत इंजिन व पंप यांची जोडी बसू लागली, तसा नटबोल्टाचा प्रश्न नांगराहून वेगळ्या रूपाने पुढे आला.

इंजिनाच्या नळकांड्यावरील झाकण, म्हणजे हेड, अनेक नटांनी आवळलेले असते व दोहोंमध्ये गॅस्केट असते. येथे प्रत्येक नट घट्ट असणे पुरेसे नाही. सर्व नट सारखे घट्ट असावे लागतात. एका बाजूने आवळत गेले तर हेड तिरके बसते, गॅस्केट एकीकडे चेपते, दुसरीकडे फुंकते. म्हणून समोरासमोरचे नट आळीपाळीने, थोडे थोडे करून, दोन-तीन फेऱ्यांत आवळण्याची रीत पडली. आवळणीला क्रम आहे ही कल्पना पाचरीच्या जगात कोणास सुचण्याचे कारण नव्हते. गॅस्केट फुंकले की धूर दिसतो, आवाज फाटतो, पाणी येईनासे होते. चूक ताबडतोब उघडकीस येते. या अर्थाने इंजिन हा या भागातील आवळणीचा पहिला कठोर परीक्षक म्हणावयास प्रत्यवाय नाही.

आता या परीक्षेचे शास्त्र थोडक्यात पाहू, कारण त्यावाचून पुढील विवेचन अधांतरी राहील. आवळलेला बोल्ट हा ताणलेल्या स्प्रिंगेसारखा असतो. नट फिरविला की बोल्ट अगदी सूक्ष्म प्रमाणात लांबतो आणि मूळ लांबीस येण्याच्या त्याच्या ओढीने मधले भाग एकमेकांवर दाबले जातात. जोडणीचे सामर्थ्य या दाबात आहे. पण हा दाब दिसत नाही व सहज मोजताही येत नाही. मोजता येतो तो पान्यावरील पीळ, ज्यास कारखान्यात टॉर्क हाच शब्द रूढ आहे. न्यूयॉर्क शहराच्या जलखात्यातील कॉनराड बार याने १९१८ साली पीळ मोजणारा पाना तयार केला, तो नळांच्या जोडांवरील बोल्ट गरजेपेक्षा जास्त आवळले जाऊ नयेत म्हणून. म्हणजे तेथेही अडचण बोल्ट ढिले राहण्याची नसून अति आवळण्याची होती.

पीळ मोजला म्हणजे दाब मोजला असे मात्र नाही. लावलेल्या पिळापैकी सुमारे अर्धा भाग नटाच्या बुडाखालील घर्षणात खर्च होतो, आणखी सुमारे चाळीस टक्के आट्यांच्या घर्षणात, आणि जेमतेम दहावा हिस्सा बोल्ट ताणण्याच्या कामी येतो. ८ मिलिमीटर व्यासाच्या, ८.८ या बलवर्गाच्या बोल्टाचे उदाहरण घेऊ. असा बोल्ट कायमचा न लांबता सुमारे २१ किलोन्यूटन ताण सोसतो. त्याच्या पाऊणपट, म्हणजे १६ किलोन्यूटन ताण त्यात आणावयाचा तर कोरड्या आट्यांवर साधारण २५ न्यूटन-मीटर, जुन्या मापाने अडीच किलोग्रॅम-मीटर, पीळ लागतो. त्याच आट्यांना तेल लावून तेवढाच पीळ दिला, तर घर्षण कमी झाल्यामुळे ताण २१ किलोन्यूटनच्या घरात जातो आणि बोल्ट आपल्या मर्यादेच्या कडेवर उभा राहतो. गंजलेल्या आट्यांवर याच्या उलट होते : हाताला जोर लागतो, नट घट्ट झाल्याचा भास होतो, पण बोल्ट ताणलेलाच नसतो. जुन्या मिस्त्रीच्या मनगटाला जो प्रत्यय येतो तो बव्हंशी घर्षणाचा, दाबाचा नव्हे. मनगटाचे ज्ञान खोटे आहे असे नाही. ते ज्या स्थितीत कमावले तीच स्थिती कायम राहील तोवर ते खरे असते.

स्वातंत्र्योत्तर काळात ही स्थिती कायम राहिली नाही. ब्रिटिश अमलात आपल्याकडे प्रामुख्याने व्हिटवर्थच्या १८४१ च्या पद्धतीवर आधारलेले, ५५ अंशांच्या कोनाचे व इंची मापाचे आटे चालत. १९५६ च्या कायद्याने दशमान वजनेमापे आली व हळूहळू ६० अंशांचे मिलिमीटरी आटे रूढ झाले. रस्त्यावरील गाड्यांत हा संक्रमणकाळ स्पष्ट दिसतो. १९५५ पासून मद्रासला जुळू लागलेली एनफील्डची बुलेट इंग्रजी वळणाची. १९६० नंतर म्हैसूरला होऊ लागलेली जावा चेकोस्लोव्हाकियाच्या वळणाची आणि फरीदाबादची राजदूत पोलंडच्या, या दोन्ही मिलिमीटरी. एकाच गॅरेजात दोन्ही जातींचे पाने लागत. ते नसले की जवळचा पाना घालून नटाचे कोपरे गोल करण्याचा प्रकार घडे, व तसा नट पुन्हा योग्य तेवढा आवळणे अशक्य होई.

या तिन्ही गाड्या साखळीच्या होत्या, आणि १९८५ नंतर ज्यांनी ग्रामीण महाराष्ट्र व्यापला त्या १०० घनसेंटिमीटरच्या जपानी वळणाच्या गाड्याही साखळीच्याच. येथे आपण मूळ प्रश्नाकडे येतो. अशा लहान गाडीत पहिल्या गिअरमध्ये, इंजिन पूर्ण जोरात असता, साखळीची ओढ अडीच-पावणेतीन किलोन्यूटन, म्हणजे सुमारे पावणेतीनशे किलोग्रॅम भाराइतकी असू शकते. ४२ दात्यांच्या चक्राच्या कडेवर पडणारी ही ओढ मध्यापासून ४० मिलिमीटरवर असलेल्या बोल्टांच्या वर्तुळापाशी पोचेतो दुपटीहून अधिक होते. ती साडेपाच-पावणेसहा किलोन्यूटन धरावी. ही ओढ बोल्टांनी आडवी झेलावयाची नसते. चक्र व तुंबा यांच्या दाबून धरलेल्या पृष्ठांमधील घर्षणाने ती पलीकडे जावयाची असते. वर सांगितल्याप्रमाणे आवळलेले चार बोल्ट मिळून ६४ किलोन्यूटन दाब देतात व घर्षणाचा गुणक ०.१५ धरला तरी साडेनऊ किलोन्यूटन ओढ पेलतात. आवळणी तिसऱ्या हिश्श्यावर आली की हीच क्षमता तीन किलोन्यूटनवर येते, आणि चक्र प्रत्येक झटक्यास तुंब्यावर किंचित सरकू लागते. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. प्रत्येक गाडीचे आकडे तिच्या पुस्तिकेतूनच घ्यावयाचे. तथापि यावरून 'थोडासाच ढिला' नट हा थोडासा दोष का नव्हे, ते ध्यानात येईल.

असे एकदा सरकणे सुरू झाले की पुढील क्रम ठरलेला असतो. आडव्या हिसक्यांनी नट स्वतः उलटा फिरू लागतो, हे जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर याने १९६९ साली प्रयोगाने दाखविले. उभ्या कंपनापेक्षा आडवे सरकणे अधिक घातक, हा त्याचा निष्कर्ष होय. बोल्ट मग आडवा भार झेलू लागतात, चक्राची छिद्रे लांबट होतात, एखादा बोल्ट तुटतो, आणि साखळी चक्रावरून उतरून चाकात अडकली तर चालू गाडीचे मागील चाक जागच्या जागी थांबते. दुधाच्या भरलेल्या किटल्या दोन्ही बाजूंस अडकवून चढ चढणाऱ्या किंवा तिघांना घेऊन ऊसपट्ट्यातील चिखलातून निघणाऱ्या गाडीच्या बाबतीत हा हिशेब अधिकच कडक होतो, हे निराळे सांगावयास नको.

या पार्श्वभूमीवर साताऱ्याच्या स्कूटरची कथा मोठी विलक्षण वाटते. १९७५ साली पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ व बजाज ऑटो यांनी मिळून महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी स्थापन केली व साताऱ्याच्या तिच्या कारखान्यातून 'प्रिया' स्कूटर बाहेर पडू लागली. ठराविक पीळ देऊन नट आवळणे हे जुळणीच्या रांगेवर अपरिहार्य असते. तेथे शेकडो हातांनी एकच काम करावयाचे असते व शंभर मनगटे एकसारखी कधीच नसतात. म्हणजे आकड्यातील आवळणी साताऱ्याच्या तरुण कामगाराच्या रोजच्या व्यवहारात आली ती या कारखान्यात. परंतु ही स्कूटर इटालियन व्हेस्पाच्या वंशातली. तिला साखळी नाही, दातेरी चक्र नाही. गिअरपेटीच्या दांड्यावरच मागील चाकाचा तुंबा बसतो व मध्यभागी एकच मोठा नट त्यास धरतो. त्या नटावर खाचांचे टोपण व आरपार खिळ, अशी तजवीज असते. म्हणजे नट सैल झाला तरी तो निसटू नये, ही काळजी रचनेनेच घेतली होती. साखळीच्या गाडीत जी जबाबदारी मालक व मिस्त्री यांच्यावर वारंवार पडते, ती येथे आराखडा करणाऱ्याने बरीचशी आपल्याकडे घेतली होती.

स्कूटर मागे पडली आणि मोटारसायकल पुढे आली. २००६ साली साताऱ्याचे स्कूटर-उत्पादन थांबले. परिणामी असे झाले की, ज्या जिल्ह्यात मोजून आवळण्याची शिस्त कारखान्यात रुजली, तेथील रस्त्यावर मात्र दुसरीकडे तयार झालेल्या साखळीच्या गाड्या आल्या व त्यांचे नट पुन्हा मनगटाच्या अंदाजाने आवळले जाऊ लागले. सांगलीस १९४७ साली व कराडला १९६० साली अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून फिटर बाहेर पडू लागले. तरी साखळी व दोन्ही चक्रे यांचा जोड बदलावयाचे काम ज्या टपरीत होते, तिच्या भिंतीवर टॉर्क रेंच क्वचितच टांगलेला दिसतो. तेथे पान्याला पाइप लावून जोर करणे ही कामाची चोखी समजली जाते. मिस्त्रीला दोष देण्यात अर्थ नाही. पीळ मोजणारा पाना महाग. तो वेळोवेळी तपासून घ्यावा लागतो. आणि गिऱ्हाईक पैसे देते ते नव्या चक्राचे, आवळणीचे नव्हे. पाचरीच्या काळी आवळणाऱ्याचे नाव गावाला ठाऊक होते. कारखान्यात नाव गेले, पण आकडा आला. टपरीवर आज बहुधा दोन्ही नाहीत.

या विषयाच्या साधनांचा विचार शेवटी केला पाहिजे. कारखान्यांची मूल्यपत्रके, मासिके, वार्षिक अहवाल यांत आवळणीचा उल्लेख शोधू जाता हाती फारसे लागणार नाही, कारण, वर म्हटल्याप्रमाणे, ती लिहिली जाणारी गोष्टच नव्हती. तिचा पुरावा वस्तूंत आहे. भंगारात पडलेले जुने चक्र हातात घेऊन पाहावे. दाते एका अंगाने आकड्यासारखे वाकून झिजले असतील तर ते साखळीच्या झिजेचे चिन्ह होय. परंतु बोल्टांची छिद्रे गोल आहेत की लांबट, त्यांच्या कडांवर आट्यांचे वळ उमटले आहेत काय, छिद्राभोवतीचे लोखंड नटाच्या दाबाने चकचकीत झाले आहे की सरकण्याच्या घर्षणाने तांबूस भुकटीने माखले आहे, यावरून ते चक्र किती काळ व कशा रीतीने आवळलेले होते, हे बरेचसे सांगता येते. सगळी छिद्रे सारखी लांबट असतील तर सारेच नट ढिले होते. एकच अधिक लांबट असेल तर त्या बाजूने आवळणीचा क्रम चुकला असण्याचा संभव. अशी चक्रे दर महिन्यास वितळभट्टीकडे जातात. सातारा, कराड, इस्लामपूर, मिरज येथील भंगार बाजारांतून त्यांपैकी काही, गाडीचा प्रकार व उपलब्ध असल्यास वर्ष नोंदवून, विभागाच्या संग्रहासाठी आताच वेगळी काढून ठेवणे पदव्युत्तर विद्यार्थ्यांस सहज शक्य आहे. जुन्या नांगरांचे बोल्टही त्यांबरोबर गोळा करावेत. गावोगावच्या गोठ्यांत ते अद्याप सापडतात, आणि त्यांच्या नटांचे कोपरे कोणत्या पान्याने गोल झाले हे ओळखता येते.